जागा बघायची तर जुलैत

दिवाळी उरकली की कोकणात जागा बघणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो आणि तो शिमग्यापर्यंत चालतो. मुंबई-ठाण्याच्या गाड्या शनिवारी चिपळूणला पोचतात, बहादूरशेख नाक्यावरून कराडच्या रस्त्याला वळतात आणि कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी शिरगाव, अलोरे, पोफळी ह्या गावांतून एजंटाच्या मोटरसायकलमागे फिरत राहतात. किनाऱ्यावरचे भाव परवडेनासे झाले म्हणून ही पावलं डोंगराकडे वळलेली असतात. ह्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी बाली, फुकेत, मालदीव पाहिलेलं असतं आणि ‘आपलंही एक घर अशा जागी असावं’ ही इच्छा तिथेच मनात धरलेली असते. पण बालीत परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी कायद्यानेच मिळत नाही, आणि मॉरिशसमध्ये घरासोबत राहण्याचा परवाना हवा असेल तर सरकारमान्य योजनेतलं किमान पावणेचार लाख डॉलरचं घर घ्यावं लागतं. तेव्हा बेटावरची ती इच्छा हिशेब करत करत शेवटी परशुराम घाट उतरून येते. इथे जे दिसतं तेही खोटं नसतं. समोर सह्याद्रीची उभी भिंत, भातकापणी झालेली मोकळी शेतं, अजून वाहते असलेले पऱ्ये, कोरडी स्वच्छ हवा. एजंट ‘हिल व्ह्यू’ म्हणतो तो असतोच, ‘रिव्हर टच’ म्हणतो तीही नदीच असते. प्रश्न फक्त एवढाच की हे वर्षातल्या सर्वांत सोप्या दिवसांचं चित्र आहे, आणि घराला बाराही महिने उभं राहायचं असतं.

ह्या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं आहे. कोकणात दुसरं घर ही नवी कल्पना नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ इथली हजारो घरं वर्षातले दहा-अकरा महिने बंद राहत आलेली आहेत आणि तरी त्यांतली पुष्कळ उभी आहेत. ती का उभी राहिली आणि बाकीची का पडली, हे नीट पाहिलं तर कळतं की इथे घर टिकवते ती दरवर्षी करावी लागणारी मेहनत आणि ती मेहनत करणारी, करून घेणारी माणसं. खरेदीखताने जमीन मिळते, ही व्यवस्था मिळत नाही. ज्याला ती उभी करता येणार नाही त्याने घर विकत घेऊ नये, भाड्याने राहावं. आणि घ्यायचंच असेल तर डोंगर कापून पाडलेल्या नव्या प्लॉटपेक्षा वाडीतलं जुनं बंद घर आधी पाहावं.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना घटलेल्या मोजक्या जिल्ह्यांत हा एक. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे इथे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, म्हणजे गेले ते मुख्यतः पुरुष, आणि गेले ते मुंबईला. गिरण्या होत्या तोवर गिरण्यांत, १९८२च्या संपानंतर मिळेल त्या कामाला. हा चाकरमानी गावच्या घराला कुलूप लावून गेला, पण त्याने घर सोडलं नाही. त्याचं वर्षाचं वेळापत्रक पाहिलं तर त्यात घराच्या देखभालीचं वेळापत्रक लपलेलं दिसतं. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत तो येतो, तेव्हा आगोटीच्या आधी घर शाकारून होतं. गणपतीला येतो, तेव्हा पावसाचा मोठा मारा होऊन गेलेला असतो. कुठे गळलं, कुठे भिंत फुगली, वाळवी कुठून चढली हे दिसतं आणि मखर उभारण्याआधी भिंतींना हात फिरतो. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, तिला बंद दार दाखवायचं नसतं, म्हणून निदान त्या दिवशी घर उघडतं, झाडलं जातं. मधल्या काळात किल्ली भावकीत कोणाकडे तरी असते. ती व्यक्ती देवाजवळ दिवा लावते, आणि दिवा लावायला आत गेलं की गळती आपोआप दिसते. ह्याला श्रद्धा म्हणा की रिवाज. त्यातून महिन्या-दोन महिन्याला घराची पाहणी होत राहते आणि तिचं बिल कोणी पाठवत नाही.

शाकारणी म्हणजे काय हे ज्याने पाहिलेलं नाही त्याला हा मुद्दा पुरता कळणार नाही. मंगलोरी कौलांचं छप्पर दरवर्षी तपासावं लागतं. माणूस अनवाणी वर चढतो, वासे-रिपांवर भार टाकत सरकतो, एकेक कौल उचलून हाताने वाजवतो. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर चीर गेलेली आहे. कौलांच्या खाचांत साठलेला पाला, शेवाळाची माती आणि उंदरांनी ओढून आणलेला कचरा काढायचा. तो राहिला तर पाणी उलटं फिरून आत येतं. कुजलेली रीप बदलायची. कोन्याची कौलं सिमेंटने पुन्हा बसवायची. पश्चिमेकडून झड मारते त्या बाजूला झापं किंवा ताडपत्री बांधायची, नाहीतर मातीची भिंत पहिल्या महिन्यातच पाणी पिते. हे सगळं करूनही वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की दहा-वीस कौलं जागची हलतात आणि भर पावसात कोणालातरी पुन्हा वर चढावं लागतं. हे चढणारे हात आता कमी झालेत. जिल्ह्यात आंब्याच्या बागा राखायला नेपाळी गडी ठेवावे लागतात, तिथे कौलं परतायला माणूस मिळणं सोपं नाही.

‘मग कौलं कशाला? आरसीसी बांधा, स्लॅब टाका, कॅमेरे लावा,’ हा पहिला आक्षेप, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. स्लॅबच्या घराला शाकारणी लागत नाही हे खरंच. पण चिपळूण तालुक्यात वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या जवळजवळ दीडपट, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. घाटाच्या पायथ्याला आणखी जास्त. ह्या पावसात सपाट स्लॅबचं काय होतं त्याचं उत्तर रस्त्याने जातानाच दिसतं: वाडीवाडीत स्लॅबच्या घरांवर पुन्हा लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याची शेड केलेली आहे. ज्यांनी हौसेने स्लॅब टाकला त्या स्थानिकांनीच काही पावसाळ्यांनंतर वर उतरतं छप्पर चढवलं. कौलांना पर्याय मिळाला, उताराला मिळाला नाही. बंद स्लॅबच्या घरात गळतीपेक्षा त्रास असतो तो कोंडलेल्या ओलीचा. चार महिने खिडकी उघडलेली नसते, गाद्यांना बुरशी येते, प्लायवूडची कपाटं फुगतात, इन्व्हर्टरची बॅटरी मरते आणि तिच्याबरोबर कॅमेराही. कॅमेऱ्यात ओल दिसली तरी तो काही खिडकी उघडत नाही. चुलीचा धूर आणि माणसांची ये-जा ही जुन्या घरांची खरी वाळवण होती. ती नसेल तर साहित्य कोणतंही वापरा, फरक फक्त किती वर्षांत, एवढाच.

पोफळी ह्या बाबतीत एक वेगळा पुरावा देते. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचं वीजगृह इथे डोंगराच्या पोटात आहे. १९६०च्या दशकात ते उभं राहिलं आणि त्याच्याबरोबर पोफळी-अलोरेच्या परिसरात वसाहती वसल्या. महाराष्ट्रभरातले इंजिनिअर, फिटर, कारकून, शिक्षक इथे आले. गावाशी त्यांचं ना नातं होतं ना मानपान, तरी त्यांनी ह्याच पावसात वर्षानुवर्षं संसार केले. म्हणजे बाहेरच्या माणसाला इथे राहता येत नाही असं मुळीच नाही. मात्र ते बाराही महिने राहत होते आणि क्वार्टर्सच्या दुरुस्तीला खातं होतं, गवंडी-सुतार पगारावर होते. चाकरमान्याची जी गरज भावकीने भागवली, ती इथे सरकारी आस्थापनेने भागवली. बांधकामाचा जोर ओसरला, माणसं बदलून गेली, तेव्हा रिकाम्या झालेल्या निवासस्थानांना पावसाने सवलत दिली नाही. नव्या खरेदीदाराकडे ह्या दोन्हींतलं काहीच नसतं. त्याच्याकडे असतो एक फोन नंबर, राखणदाराचा; आणि ऐन जुलैत तो नंबर लागेलच ह्याची खात्री नसते.

नदीही दिसते तेवढ्यावरून कळत नाही. कोयनेचं पाणी मुळात पूर्वेकडे कृष्णेला जाणारं. वीज काढण्यासाठी ते बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं जातं, पोफळीच्या चक्रांवरून पडून कोळकेवाडीच्या जलाशयात येतं, तिथे पुन्हा वीज देतं आणि अवजल म्हणून वाशिष्ठीला मिळतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने ह्या वळवण्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. उन्हाळ्यात वाशिष्ठीच्या त्या भागात दिसणारं भरलं पात्र हे बरंचसं अवजलाचं आहे, आणि कोयना मागणी वाढेल तेव्हा चालवायचा प्रकल्प असल्याने शहरांत विजेची मागणी चढली की इकडे पाणी वाढतं. मुंबईतला एसी सुरू झाल्यावर वाढणारं पाणी पाहून मुंबईकरानेच ‘बारमाही नदीकाठ’ म्हणून प्लॉटला जास्त पैसे द्यावेत, ह्यात एक गंमत आहे. गंमत नाही ती पुढची गोष्ट: ह्याच तालुक्यातल्या उंचावरच्या धनगरवाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. नदी दिसते म्हणून विहिरीला पाणी असेल हा हिशेब इथे चालत नाही. कातळावर पडलेला पाऊस ऑक्टोबरपर्यंत खाडीला लागलेला असतो. नव्या बंगल्याची बोअरवेल आणि वाडीची विहीर एकाच झऱ्यावर असतील तर मेमध्ये दोन्हींतलं एक आटतं, आणि त्या भांडणाचा उल्लेख कुठल्याही खरेदीखतात नसतो.

पुराबद्दल तर बोलायलाच हवं. २२ जुलै २०२१ला चिपळूण शहर बुडालं. त्याच दिवसांत महाडजवळचं तळिये, खेडमधलं पोसरे आणि घाटमाथ्यापलीकडे पाटण तालुक्यातली आंबेघर, मिरगाव ही गावं दरडींखाली सापडली. त्याच्या दोन वर्षं आधी, २ जुलै २०१९च्या रात्री, चिपळूण तालुक्यातलंच तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं वाहून गेली. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७चा भूकंप ह्या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. ह्यावर एखादा म्हणेल, संकटं कुठे नाहीत? मुंबईत २६ जुलै झालीच की. बरोबर. पण दरडींच्या बाबतीत एक भेद महत्त्वाचा आहे. जुनी वाडी सहसा ओढ्यापासून हटून, शेताच्या वरच्या बाजूला, टणक बघून वसलेली असते, तरी तळिये-पोसरेसारख्या वस्त्याही कधी दरडीखाली सापडतातच. तिवऱ्यासारखी गोष्ट घडते तेव्हा दोष वाडीच्या जागेचा नसतो. नवा प्लॉट मात्र ‘व्ह्यू’साठी उताराच्या मध्यावर कापलेला असतो. जेसीबीने टेकडीची तांबडी कूस उभी चिरून सपाटी केलेली, वरच्या बाजूला आधारभिंत नाही, मधून जाणारा पऱ्या मातीने बुजवून त्यावरच आतला रस्ता काढलेला. डिसेंबरमध्ये पऱ्या कोरडा असतो, त्यामुळे तो होता हे पाहणाऱ्याला कळतही नाही. जुलैत पाणी आपला जुना मार्ग शोधत येतं. नदीजवळच्या जागेला तर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात, पंचवीस वर्षांतून आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या. प्लॉटचं माहितीपत्रक ह्यांतली एकही दाखवत नाही.

कागदांचा भाग अनेकांना सर्वांत कठीण वाटतो. प्रत्यक्षात तो सर्वांत स्पष्ट आहे, फक्त वाचायची तयारी हवी. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. १९४८च्या कुळकायद्याचं कलम ६३ हे सांगतं. कोकणातल्या वाड्यांमधली पुष्कळ घरं गावठाणात नसून शेतजमिनीवरच उभी आहेत, त्यामुळे ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा दाखवून ‘घर माझ्या नावावर आहे’ असं कोणी म्हणालं तरी खालची जमीन कोणाची हा प्रश्न उरतोच. सातबारा उघडला की पणजोबांपासूनची नावं दिसतात. त्यांतले निम्मे वारलेले, वारसनोंदी अर्धवट, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचे हिस्से, आणि सगळ्यांच्या पुढे एकच शब्द: सामाईक. इतर अधिकारात एखादं कूळ, किंवा कलम ४३च्या बंधनाची नोंद. रस्ता नकाशावर नाही, शेजाऱ्याच्या गडग्यातून चालत आलेली वहिवाट आहे. दहा सहहिस्सेदारांपैकी बोरिवलीतल्या दोघांनी सही दिली म्हणून व्यवहार झाला असं समजणारे खरेदीदार पुढे दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या चढतात. बंद घरं बाजारात का येत नाहीत ह्याचं कारण मालकांचा लोभ नसून बहुतेक वेळा न झालेलं वाटप आहे.

आणि ती भाड्याने का मिळत नाहीत, ह्याचं कारण आणखी खोल आहे. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. खोती त्याआधीच, १९४९च्या कायद्याने, गेली होती. हे न्याय्य होतं आणि हवंच होतं. पण त्यातून जमीन असलेल्या प्रत्येक घरात, अगदी वीस गुंठेवाल्याच्याही, एक धास्ती मुरली: दुसऱ्याला दिलं की कूळ लागतं. म्हणून घर पडलं तरी चालेल, पण परक्याच्या ताब्यात द्यायचं नाही. ही भीती आज कायद्याच्या दृष्टीने बरीचशी अनाठायी आहे. जमीन कसायला न देता फक्त घर, ठरावीक मुदतीच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने वापरायला दिलं तर त्यातून कूळहक्क निर्माण होत नाही. करारात लागवडीचा, झाडांच्या उत्पन्नाचा हक्क मालकाकडेच असल्याचं स्वच्छ लिहावं. असा करार पाच वर्षांचा करून, त्यात दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करायची सोय ठेवली, तर चाकरमान्याचं घर वाचतं आणि पाहुण्याला मालकीचं ओझं न घेता कोकण मिळतं. गणपतीचे आठ-दहा दिवस मालकाला घर मोकळं ठेवायचं, ही अट मात्र त्यात लागेलच.

गुंतवणुकीचा मुद्दा राहिला. ‘भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, जागेचे भाव वाढतात,’ असं म्हणणाऱ्याने एक साधा हिशेब करावा. समजा सगळं धरून चाळीस लाख घातले. सात टक्के दराने त्याचं व्याज वर्षाला दोन लाख ऐंशी हजार. मुंबईपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, मुलांच्या परीक्षा, पावसाळ्यातला बेभरवशाचा घाट हे सगळं वजा जाता कुटुंब वर्षात पंचवीस रात्री तिथे राहिलं, तरी ते पुष्कळ झालं. एका रात्रीला अकरा हजार दोनशे रुपये पडले, आणि त्यात राखणदार, रंग, पंप, वीजबिल, घरपट्टी अजून धरलेली नाही. एवढ्यात निवास-न्याहारी योजनेतल्या घरी घावणं-चटणी खाऊन, आयत्या अंथरुणावर झोपता येतं. भाव वाढतील हे मान्य केलं तरी ती वाढ कागदावरची असते. सामाईक सातबाऱ्याच्या शेजारचा, मेमध्ये पाणी नसलेला प्लॉट पुन्हा विकायला गेलं की तिची परीक्षा होते.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र गावाकडून येतो. पडीक वरकस जमिनीला कोणी पैसे देत असेल, त्यातून पोराचं शिक्षण किंवा बापाचं ऑपरेशन होत असेल, तर शहाणपण शिकवणारे तुम्ही कोण? शिवाय बंगल्यामुळे गवंडी, माळी, रिक्षावाला ह्यांना काम मिळतं. ह्याला नुसत्या निसर्गप्रेमाने उत्तर देता येत नाही आणि देऊही नये. विकणाऱ्याचा हक्क पुरता मान्य आहे. पण बांधकामाचं काम एक वर्षाचं असतं आणि नंतर उरतो एक राखणदार. उलट घरात महिन्यातून पंधरा दिवस माणसं असतील तर दूध, मासळी, भाजी, धुणंभांडी, दुरुस्ती ह्यांचा पैसा वाडीत फिरत राहतो. तेव्हा घर बाहेरच्याने घ्यावं का, ह्यावर अडून बसण्यापेक्षा त्यात राबता किती राहील हे पाहावं. जगात ह्यावर उपाय झाले आहेत. स्वित्झर्लंडने २०१२च्या सार्वमतात कोणत्याही गावात दुसऱ्या घरांचं प्रमाण वीस टक्क्यांवर न्यायला बंदी घातली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या सेंट आयव्ह्‌जने २०१६ मध्ये नवी घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत असा कौल दिला. वेल्समध्ये २०२३ पासून स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरावर नेहमीच्या कराच्या वर तीनशे टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो.

हे उपाय पोफळीत जसेच्या तसे आणले तर पहिला फटका चाकरमान्याला बसेल, कारण कागदावर त्याचंही घर बंदच असतं आणि तोही मुंबईचाच रहिवासी असतो. वीस टक्क्यांची मर्यादा तर इथल्या कित्येक वाड्यांनी आपल्याच माणसांच्या कुलुपांनी कधीच ओलांडली असेल. कर लावायचाच तर तो कुलपावर लावून चालणार नाही. बुजवलेल्या पऱ्यावर, आधारभिंतीशिवाय कापलेल्या उतारावर, वाडीच्या विहिरीच्या झऱ्यावर मारलेल्या बोअरवर लावावा लागेल. तेवढं ठरवायला ग्रामपंचायतीला नवा कायदा लागतो की आहे तो पुरतो, ह्यावर वकील वाद घालतील. त्याआधी पऱ्ये कुठून कुठे वाहतात ह्याचा गावाने स्वतः काढलेला नकाशा हवा, आणि तो काढायचा तर भर पावसातच, पाणी वाहत असताना.